सरकारी रस्त्यावरचं रडार

आधी उजवा हात वर जायचा, मग डोळे मिटायचे आणि शेवटी तोंड जरासं उघडायचं. तोंड उघडं ठेवलं की जास्त ऐकू येतं, असं आप्पांचं म्हणणं होतं. मी दूध डेअरीत कारकून. माझ्यासमोर किटल्या घेऊन उभी असलेली रांग मग आपोआप गप्प व्हायची.

"हालचाल हाय," आप्पा म्हणायचे. "बाईमाणूस. डावा पाय वडतंय. हातात पातेलं, रिकामं."

कोपऱ्यावरून पोस्टमन पंक्चर सायकल ढकलत यायचा आणि रांग खिदळायची. आप्पांच्या तोंडावरची माशी हलायची नाही.

तुमच्याही ओळखीचा एखादा फौजी असेलच. साताऱ्या-सांगलीकडे घरटी एक सापडतो. आमचे आप्पा फौजेत रडारवर होते. रडार म्हटलं की तुम्हाला आकाशाकडे तोंड करून फिरणारी मोठी तबकडी आठवेल. आप्पांचं तसलं नव्हतं. ते सीमेवरच्या टेकडीवर तिवईवर बसायचं आणि समोरच्या रानात काय हलतंय ते हेडफोनमध्ये ऐकवायचं. धुक्यात डोळ्यांना दिसेना झालं तरी त्याला कळायचं. चालणाऱ्या माणसाचा आवाज वेगळा, सरपटणाऱ्याचा वेगळा, गाडीचा आणखी वेगळा. हे तिन्ही आवाज आप्पा तोंडाने काढून दाखवायचे. मला तिन्ही सारखेच वाटतात असं मी एकदा म्हणाले, तर त्यांनी दोन दिवस दूध दुसऱ्या डेअरीला घातलं.

त्यांच्या मंडळी, आमच्या काकू, मात्र त्यांना कधीच ऐकू आल्या नाहीत. त्या रबरी चपला घालून मागून यायच्या आणि "घरी चला, म्हशीला पाणी कोण दावणार?" म्हणायच्या. आप्पा दचकायचे. लोक हसले की म्हणायचे, "आपली माणसं रडारवर धरायची नसत्यात."

एक गोष्ट ते सारखी सांगत. एकदा सकाळच्या धुक्यात त्यांनी निरोप दिला, सात जण सरपटत येताहेत. सगळी चौकी बंदुका रोखून दगडाआड पडून राहिली. धुकं विरलं तेव्हा समोर सात शेळ्या.

"मग सायबांनी लय झापलं असंल?" मी विचारायची.

"छ्या. साब बोलले, शाबास. चुकून उठवलंस तर लोक हसत्याल. चुकून झोपू दिलंस तर हसायलाबी कोण उरायचं न्हाई."

गेल्या हंगामात शेजारच्या गावात उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली आणि आप्पांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. ऊसतोडीला मजुरांची टोळी आली की ते बांधावर हजर. हात वर, डोळे बंद, तोंड उघडं. "थांबा. हालचाल हाय." टोळीतल्या बाया कोयते घेऊन मागे सरायच्या. पहिल्या वेळी फडातून कुत्री निघाली, मागे चार पिल्लं. दुसऱ्या वेळी ग्रामपंचायतीचे एक सदस्य निघाले, हातात तांब्या. गाव हागणदारीमुक्त झाल्याचा फलक वेशीवर त्यांच्याच हस्ते लागला होता. त्यांनी आप्पांना नमस्कार केला आणि अर्धी सकाळ आपण पिकाची पाहणी करत होतो असं सगळ्यांना सांगत बसले. तिसऱ्या वेळी नुसता वारा.

मग माझ्या उसाची तोड आली. दोन महिने साखर कारखान्यावर हेलपाटे घातले होते, ऊस वाळत चालला होता. टोळी एक दिवस बिथरली असती तर ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला गेला असता आणि माझा ऊस तसाच उभा राहिला असता. मी डेअरीत सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आप्पा, पाया पडते. उद्या माझ्या बांधाला येऊ नगा."

"बरं," आप्पा म्हणाले. किटली न धुताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ऊस मीच तोडायचा म्हणून कोयता घेऊन गेले, बघते तर आप्पा रस्त्याच्या मधोमध उभे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझ्या बांधाला कुटं आलोय? हा सरकारी रस्ता हाय." आणि हात वर गेला. "थांबा. जड हाय. चार पायी. खातंय."

टोळी बसली. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. माझा जीव तिळतिळ तुटत होता. शेवटी सगळ्यांनी मिळून थाळ्या बडवल्या, आरडाओरडा केला. बराच वेळ गेला आणि उसातून आप्पांची म्हैस बाहेर आली. गळ्यात तुटलेलं दावं, तोंडात माझ्या उसाचे वाढे.

ट्रॅक्टरवाला हसून हसून चाकाला टेकला. मी हसले नाही. मी ओरडले. "आवं, सवताची म्हस वळखंना व्हय तुमास्नी?"

"वळखायचं काम माजं न्हाई पोरी. हाय का न्हाई, एवढंच मी सांगतो." त्यांनी म्हशीचं दावं धरलं. "पर आत पयली तू जाणार व्हतीस. म्हस नसती तर?"

मी कशीबशी म्हणाले, "चहा घिऊन जावा." ते थांबले नाहीत. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आणि ऊस कारखान्याला गेल्याचा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

आप्पा मग कुठल्याच फडाकडे फिरकले नाहीत. डेअरीतही हात वर करेनात. चौथ्या दिवशी टोळीचा मुकादम, बीडकडचा माणूस, डेअरीत आला आणि आप्पांचं घर विचारू लागला. बाया फडात शिरायला तयार नाहीत म्हणाला.

"बिबट्याला भेत्यात?" मी विचारलं.

"बिबट्या काय, दरसाल असतोच. त्या म्हणतात, फौजी बाबा आल्याबिगर जात नाही."

"पर आप्पा रोज खोटंच वरडत्यात की."

"ओरडतो तर खरं, ताई," मुकादम म्हणाला. "आमच्यासाठी कोण ओरडतंय?"

मीच त्याला आप्पांच्या दारात नेलं. आप्पांनी आधी आत जाऊन दाढी केली, मगच बाहेर आले. हंगाम संपेपर्यंत गावातल्या प्रत्येक फडावर ते उभे राहिले. मुंगूस निघालं, डुक्कर निघालं, एकदा टोळीतल्याच एकाची हरवलेली चप्पल निघाली. बिबट्या एकदाही निघाला नाही.

पावसाळ्यात आप्पा गेले. दोन दिवसांच्या तापात. आता दूध घालायला काकू येतात.

यंदा टोळी आली ती पहिल्यांदा माझ्याच फडावर. मुकादमाने उतरल्या उतरल्या फौजी बाबांची चौकशी केली. मी सांगितलं. बाया कोयते घेऊन बांधापर्यंत आल्या आणि खाली बसल्या.

"काय झालं?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"काही नाही ताई. जातो की. जरा बसतो."

मीही त्यांच्या शेजारी बसले. फडात सळसळ होत होती. वाऱ्याची असावी. मला त्यातलं काही कळत नाही.