देवकात्यांच्या गणतीतलं भोक

जळोचीत राहणाऱ्या बिरू देवकातेला पोलंडात लोक नावानं ओळखतात, हे बारामतीत कुणाला खरं वाटत नसे. मला वाटे, कारण मी त्याच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि संध्याकाळचा चहा त्याच्या ओसरीवर घ्यायचो. त्याचा विषय अल्जेब्रिक टोपॉलॉजी. आकारांना भोकं किती, ते बीजगणितानं मोजायचं. मेदूवड्याला एक, इडलीला एकही नाही. यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही.

शेळगावच्या मेंढपाळाचं हे पोर. म्हातारे वडील, तात्याबा, मेंढरं विकून लेकाकडे राहायला आले तेव्हा सोबत फक्त वाघर घेऊन आले. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिचं एक भोक मुद्दाम उसवून मोठं केलेलं होतं. बिरूची धाकटी बहीण नकोशी कळंबच्या रानात, मेंढरांच्या तळावरच तापानं गेली होती. तळावर माणूस गेलं की त्यांच्या घरात वाघरीचं एक भोक उसवून ठेवत, गेलेल्याला येण्याजाण्यापुरतं. ते पुन्हा विणायचं नाही आणि जाळी तपासताना मोजायचंही नाही.

एक्क्याण्णव साली बिरूचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. एका जातीच्या आकारांत शेवटी एकही भोक उरत नाही, असं त्यानं सिद्ध केलं होतं. कॉलेजात पेढे वाटले. त्याच सुमारास, दिवे लागायच्या वेळेला, घरामागच्या मोकळ्या जागेत घुंगरू वाजायला लागलं. जवळपास कुणाचं शेरडूसुद्धा नव्हतं. घुंगराच्या मागून एक लहान पोरगी जिभेनं चुकचुक करत कोकराला बोलवायची. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण ऐकलं ते माझ्याच कानांनी.

तात्याबा मात्र दूधवाला आल्यासारखे म्हणाले, "नकोशी आली."

बिरू चहाच्या कपात बघत राहिला. तोही ऐकत होता.

चौऱ्याण्णव साली पोलंडातल्या एका गणितज्ञानं आपल्या निबंधात लिहिलं, देवकाते यांच्या गणतीतून एक भोक सुटलं आहे. मग जपानातून, कॅनडातून तसंच. दुसऱ्यानं आपल्या निबंधात आपलं नाव घेतलं की त्याला सायटेशन म्हणतात आणि संशोधकाची पत त्यावर ठरते. बिरूला सायटेशन मिळू लागली, पण प्रत्येकात त्याची चूकच सांगितलेली असे. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, "नाक कापलं तरी भोकं आहेतच." सगळे हसले. मला त्या सगळ्यांचा संताप आला.

चूक कुठं झाली ते बिरूला लगेच सापडलं. "सर, उसवलेलं भोक," तो ओसरीवर मला म्हणाला. "लहानपणापासून ते सोडून मोजायची सवय. गणितातही सोडलं."

तात्याबांनी ते ऐकलं. "म्हंजी पोर तितनंच येती व्हय?"

"तात्या, ते कागदावरचं हाय."

"कागदावरचं आसू दे. बुजवू नगंस त्ये, बिरू. येवढंच मागतो."

बिरू महिनोन् महिने पेचात राहिला. ते भोक बुजवणारी दुरुस्ती त्याच्याकडे तयार होती. ती पाठवली तर नाव निर्मळ होणार, नाही तर जन्मभर त्या चुकीचा धनी. एकदा फार कळवळून म्हणाला, "सर, मेलेल्या बहिणीसाठी मी जगात मूर्ख म्हणून राहू?" शेवटी त्यानं दुरुस्ती पाठवली.

सत्त्याण्णव साली ती छापून आली. अंक घरी आला त्या दिवशी मी तिथंच होतो. दिवे लागले. घरामागं काही वाजलं नाही. इतकं शांत की पंपावरच्या पट्ट्याची फटफट दूरच्या मळ्यातून ऐकू यायला लागली. तात्याबांनी विचारलं, "दार लावलं का रं कुनी?"

मागचं दार सताड उघडं होतं. बिरूनं तसं सांगितलंही. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. जाईपर्यंत रोज संध्याकाळी तेवढंच विचारत राहिले, दुसरं काही बोललेच नाहीत.

आता त्या सिद्धान्ताला देवकात्यांचं नाव आहे. शाल-श्रीफळ झालं, स्टाफरूममधले तेच लोक हार घालायला पुढं होते. सायटेशन वाढतच चालली आहेत. बिरू सुट्टीच्या दिवशी एसटीनं पुण्याला जातो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून आपलं नाव आलेला प्रत्येक निबंध शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत येतो. सगळीकडे कौतुकच असतं. मी एकदा विचारलं, एवढं वाचून शोधतोस तरी काय?

"कुणाला चूक सापडली का, ते बघतो," बिरू म्हणाला.