भाऊजी जे बोलले ते

भाऊजींना बनियनवर स्टुलावर बसवलं होतं. डोक्यावर रबरी पट्ट्यांची जाळी, तिच्यातून निघालेल्या तारा मशीनला. जाळ्या दोन होत्या. फॅक्टरीतल्या बाबू लोकांची कपाटात. आमच्या लोकांची खाली बादलीत.

डॉक्टर बाहेरगावचे होते, इंग्रजीत बोलायचे. दुभाषा म्हणून मी शेजारी उभा होतो. त्यांनी पेन्सिलीचं टोक भाऊजींच्या कपाळाला टेकवलं आणि भोवती उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, ‘या वर्गाच्या लोकांत चिंता नसते. चिंतेला मेंदू लागतो. यांना नुसती भीती वाटते. ती बैलालाही वाटते.’

पोरं हसली. मीही हसलो. हे मी आधी लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्याविषयी जे बरं वाटेल, ते यानंतरच वाचलं जावं.

भाऊजींनी मान न हलवता मला विचारलं, “काय म्हणून राहिला रे तो?”

मी म्हटलं, “तब्येत दणकट आहे म्हणते.”

बांगलादेशची लढाई तोंडावर आली होती. जबलपूरच्या फॅक्टऱ्यांत तिन्ही पाळ्या चालत होत्या. गोळ्यांत बारूद भरायला माणसं कमी पडत होती. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, तेव्हा भंडाऱ्याकडून इकडे आले. मीच त्यांना कामाला लावून दिलं होतं. मी मॅट्रिक झालेला, ऑफिसात हाजिरी लिहायचो. आमच्या वस्तीत खुर्चीवर बसणारा मी पहिलाच. त्या खुर्चीवर माझा फार जीव होता.

बारुदाची एक गोष्ट सांगायला हवी. नव्या माणसाचं डोकं फुटेस्तोवर दुखायचं. मग अंगाला सवय व्हायची. पण सुटी आली की सवय मोडायची. सोमवारी पुन्हा डोकं. काहींची तर सुटीतच छाती आवळायची, दरदरून घाम फुटायचा. जुन्या कामगारांनी यावर तोड काढली होती. कामाच्या टोपीच्या आतली मळकी पट्टी उसवायची, लंगोटात दडवून घरी न्यायची आणि रविवारभर कपाळाला बांधून बसायचं. त्या बारुदी मळाच्या वासावर अंग शांत राहायचं. बाया चेष्टा करायच्या, “काहो, मुंडावळ्या बांधून बसले? कोणती आणता आता?” बहिणीनं तर भाऊजींना हळद लावून दाखवली होती एकदा. सगळी चाळ हसली.

पण फाटकावर झडती असायची. पट्टी सापडली तर माणूस बारूदचोर. लढाईच्या दिवसांत त्याचा अर्थ तुरुंग.

अशात ते डॉक्टर आले. बारुदात काम करणाऱ्यांच्या मेंदूचा, मनाचा अभ्यास करायचा होता. लेबर ऑफिसर मला म्हणाले, “अपने लोगों को तुम समझाओ. वॉलंटियर चाहिए, अपनी मर्ज़ी से.” आणि मर्जी कोणाची ते त्यांनीच आमच्या वस्तीकडे बोट दाखवून ठरवलं. मी वस्तीत उभा राहून बोललो. जवान सरहद्दीवर रक्त देतात, आपण थोडा वेळ डोकं द्यायचं. भाऊजी पहिले उठले. मेहुण्याचा शब्द खाली पडू नये म्हणून.

माणसांना कामावरून काढून इस्पितळात ठेवायचं, म्हणजे तपासणी स्वच्छ होते, असा डॉक्टरांचा नियम होता. बारूद नाही, पट्टी नाही. भाऊजी दोन दिवस कसेबसे राहिले. त्या स्टुलावरच्या तमाशानंतर त्यांना वॉर्डात नेलं, तर ते खाटेची दांडी धरून वाकले. बनियन घामानं चिकटलेलं. ओठ पांढरे.

“साळेबुवा, छातीवर कोणी बसून राहिलं. मले पट्टी आणून दे. नाही तं डाक्टरले सांगून दे, याले बारूद सुटला हाय म्हणून. सांग ना. काहून नाही सांगत?”

डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणतो?

पट्टीचं नाव काढलं की पुढचा प्रश्न आला असता, कोण कोण नेतं? मग हाजिरीवाला कोण? त्याला माहीत होतं का? मला माझी खुर्ची दिसली.

मी म्हटलं, “साहेब, तो घाबरला आहे. त्याला कोणीतरी छातीवर बसलेलं दिसतं.”

दिसतं. भाऊजी तसं बोलले नव्हते. त्यांना वाटत होतं, दिसत नव्हतं. ते दिसणं मी माझ्या पदरचं घातलं.

डॉक्टर खुश झाले. त्यांना हवं ते मिळालं. भाऊजींना झोपेची औषधं दिली, पुष्कळ दिवस ठेवलं. बाहेर आले तेव्हा ‘दिमाग का केस’ हा शिक्का घेऊनच आले. वेड्याच्या हाती बारूद कोण देणार? नोकरी गेली. क्वार्टर गेलं. जबलपूरजवळ शहपुऱ्याकडे शेतांत मजुरी करू लागले. तिथंही गोष्ट पोचली. पोरं मागून ओरडायची, “ए पागल, बम फोड!” ते वळून बघायचे नाहीत. माझ्याशी ते पुन्हा एकदाही भांडले नाहीत. इतकंच, की साळेबुवा म्हणायचं त्यांनी सोडलं.

लढाई संपली. डॉक्टर पुन्हा आले, नव्या माणसांसाठी. लेबर ऑफिसर म्हणाले, “फिर ले आओ. तुम्हारी बस्ती में कमी है क्या?”

मी म्हटलं, “पूछकर लाऊँगा. जो ना बोलेगा, उसे नहीं लाऊँगा.”

“पूछना किससे? इनकी हाजिरी हम लगाते हैं.”

“तो मेरी भी मत लगाइए,” मी म्हटलं.

मला यार्डात लोखंड उचलायला टाकलं. वस्तीनं मला डोक्यावर घेतलं. दर जयंतीला विहारात ही गोष्ट निघते. साहेबाच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस. मी हार घालून घेत आलो. ते नाही म्हणणं खरं होतं. पण ज्या दिवशी बोलायला हवं होतं, तो दिवस तो नव्हता.

गेल्या महिन्यात मी आणि माझी भाची शोभा, भाऊजींची मुलगी, इस्पितळात गेलो होतो. म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास चालला आहे, त्याला स्वेच्छेनं माणसं हवी आहेत. डॉक्टर तरुण मुलगी होती. बसायला खुर्ची दिली. हात लावण्याआधी विचारलं. कधीही नाही म्हणू शकता, असं दोनदा सांगितलं. मग शोभाला विचारलं, “दीदी, परिवार में किसी को मानसिक बीमारी?”

शोभा सरळ म्हणाली, “जी, मेरे पिताजी पागल थे.”

जणू त्यांचं गाव सांगावं, तसं.

मी तिथंच बोललो. पट्टी, घाम, ‘दिसतं’, सगळं. डॉक्टर मुलीनं पेन खाली ठेवलं. शोभा माझ्याकडे वळली.

“मामा, आईले माहीत होतं हे?”

“नाही.”

“आई मरेपर्यंत घरात बाबांच्या हाताले विळा लागू देत नव्हती. मी लहान होती तं मले त्यांच्याजवळ झोपू देत नव्हती.” ती उठली. “तुमचं तुम्ही जा घरी.”

ती गेली. तेव्हापासून तिनं दार उघडलेलं नाही. उघडावं असं मी म्हणणारही नाही. माफी मागितली की समोरच्यावर ती द्यायचं ओझं येतं. ते मी तिच्यावर टाकणार नाही.

त्या अभ्यासाला मी जाणार आहे. माझं डोकं या वेळी माझ्या मर्जीनं देणार. पण आधी येत्या जयंतीला विहारात उभा राहून हे सगळं सांगणार. शहपुऱ्यात जाणार, ज्या गल्लीत पोरं ओरडायची तिथं. ती पोरं आता आजोबा झाली असतील. त्यांना उभं करून सांगणार की तो माणूस वेडा नव्हता. त्याची छाती दुखत होती, आणि ते त्यानं नीट, स्पष्ट मराठीत सांगितलं होतं.

आवाज बसेपर्यंत सांगणार.