फक्त आकडा बदलला होता

तैवानच्या ताइचुंग शहरातल्या एका छोट्या कंपनीत जान ह्वे-जू बरीच वर्षं नोकरीला होती. दवाखाने, देवळं, बालवाड्या, चहाचे व्यापारी, अशा लहानसहान लोकांच्या वेबसाइट ही कंपनी आपल्या सर्व्हरवर चालवायची. सर्व्हरवर वेबसाइटची पानं जुळवून देणारं सॉफ्टवेअर सांभाळणं हे ह्वे-जूचं काम. त्यात कुठे भोक सापडलं की बनवणारे दुरुस्ती काढत. ती दुरुस्ती एकेका सर्व्हरवर चढवायची, जुनी पानं कुठे मोडली ते शोधायचं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची.

त्या जूनमध्ये जे भोक सापडलं ते वाईट होतं, आणि चिनी लिपीवर चालणाऱ्या सर्व्हरना तर फारच. बाहेरून आलेलं एक अक्षर तपासणीत साधंसुधं दिसे. पण सर्व्हर आत घेताना ते मुकाट्याने बदलून टाकी आणि त्याच्यामागून आलेला मजकूर हुकूम म्हणून पाळत बसे. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुणालाही सर्व्हर ताब्यात घेता आला असता. नेमकं त्याच आठवड्यात चियायीला ह्वे-जूच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन होतं. तिने सगळं काम सु पो-वेईला समजावून दिलं. हा तिच्याच हाताखाली तयार झालेला, दोन मुलांचा बाप. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बिनघोर जा. मी करतो सगळं."

ती परत आली तेव्हा सगळ्या सर्व्हरवर नव्या आवृत्तीचा आकडा दिसत होता. सर्व्हरनी शहाण्यासारखं वागावं म्हणून तिकडे त्यांच्यावर मक्याच्या खाऊचे हिरवे पुडे ठेवतात, तेही पो-वेईने तारीख बघून नवे ठेवले होते. तिने त्याला बबल टी पाजला.

पुढच्या महिन्यात लुकांगच्या एका बालवाडीतून फोन आला. नातवाचा फोटो बघायला गेलेल्या आजोबांच्या फोनवर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात उघडत होती. हे कसं झालं हे ह्वे-जूला कळेना. तिने तो सर्व्हर उघडला आणि तिथेच खिळून बसली. सॉफ्टवेअर जुनंच होतं, भोकासकट. बाहेरच्याला दिसणारा आकडा तेवढा कुणीतरी हाताने बदलून ठेवला होता. दुसरा सर्व्हर पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तेच.

"हे तू केलंस?" तिने पो-वेईला विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "शेठ म्हणाले, तपासणीवाले बाहेरून आकडाच बघतात."

"आणि तू ऐकलंस."

"ताई, जुन्या साइट मोडल्या असत्या. तुम्ही इथे नव्हता. शिव्या मी खाल्ल्या असत्या."

तिला त्याच्या शेजारी उभं राहवेना. ती थेट मालकांच्या, थांग शेठच्या खोलीत गेली. शेठ डबा खात होते. सोया रश्शातलं मांस, वर अंडं.

"ये ह्वे-जू, जेवलीस का?"

"दुरुस्ती झालेलीच नाहीये, शेठ. लोक आत शिरलेत."

"हं. आता करून टाक." त्यांनी हाडाचा तुकडा डब्याच्या झाकणात काढून ठेवला. "गिऱ्हाइकांना कळव, नेहमीची देखभाल चालू आहे म्हणून. एवढंच. उगीच कुणाला घाबरवू नकोस."

"त्या बालवाडीत पोरांचे पत्ते आहेत. घरी न्यायला कोण येतं तेही आहे."

"म्हणूनच म्हणतो, घाबरवू नकोस."

त्या दिवशी ती जेवली नाही.

तिने दुरुस्त्या चढवायला घेतल्या. पाहुणे कुठे कुठे शिरले होते ते हळूहळू दिसू लागलं. बालवाडीच्या साइटवर, मुलांच्या जेवणाच्या फोटोंमध्ये, फोटोचंच नाव घेऊन चोराची फाइल बसली होती. तोंडाला भात फासलेल्या दोन पोरींच्या मधोमध. त्या फाइलमधून सगळी माहिती बाहेर गेली होती: नावं, घरं, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला आजी न्यायला येते. संडास उपसताना यावी तशी किळस तिला येत होती, आणि चोरापेक्षा जास्त ती शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाची येत होती. पो-वेई मधून मधून विचारी, "ताई, काही मदत करू?" ती नाही म्हणे.

काम संपल्यावर तिने रजा टाकली आणि बस पकडून लुकांगला गेली. बालवाडी चालवणाऱ्या को बाई मुलांना लाल घेवड्याचं गोड सूप वाढत होत्या. ह्वे-जूने त्यांना बाजूला घेऊन सगळं खरं खरं सांगितलं.

"म्हणजे महिनाभर तुम्हाला माहीत होतं?"

"मला नव्हतं. कंपनीला होतं."

"कंपनी म्हणजे तुम्हीच ना? दर वेळी फोन तुम्हीच उचलता."

को बाईंनी हातातला डाव खाली ठेवला. "बसा इथे. मी आईबापांना फोन लावते. बोलायचं तुम्ही."

ती बोलली, एकामागून एक घरांशी. एका बापाने शिव्या दिल्या, त्या तिने ऐकून घेतल्या. एका आईने अर्ध्यात फोन ठेवला. एका आजीने शांतपणे विचारलं, "बाळा, मग माझ्या नातीचा फोटो आता कुणाकडे आहे?"

"मला माहीत नाही, आजी."

"नाही माहीत?"

"नाही."

बाई बाजूला उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. निघताना त्यांनी तिला सूप विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

पालकांनी तक्रार केली. चौकशी झाली, दंड झाला. शेठनी तो भरला आणि काही दिवसांनी कंपनीचं नाव बदलून टाकलं. ह्वे-जूला त्यांनी काढलं नाही. फक्त म्हणाले, "घरातली घाण रस्त्यावर नेलीस." तिने त्याच दिवशी राजीनामा दिला. तिच्या जागी पो-वेईला बसवलं.

आता ती एका कॉलेजात तेच काम करते. पगार कमी आहे. दुरुस्ती चढवली की ती बाहेरून, अगदी चोराच्या वाटेने, स्वतः आत शिरायचा प्रयत्न करते. शिरता आलं नाही की मगच घरी जाते.

हिवाळ्यात पो-वेईचा निरोप आला. "ताई, नवीन भोक निघालंय. जुन्या साइटवर दुरुस्ती चढत नाहीये. काय करू?"

फोन फेकून द्यावासा वाटला तिला. पण त्या सर्व्हरवर अजून किती दवाखाने आणि बालवाड्या असतील, हे तिला ठाऊक होतं. तिने एकेक पायरी नीट लिहून पाठवली. शेवटी लिहिलं, "चढवल्यावर बाहेरून स्वतः हल्ला करून बघ. आकडा बघू नकोस."

त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. तिने त्याचा नंबर काढून टाकला.