कमी खाणारा, न तापणारा प्रोफेसर

"...चोवीस तास घरातच राहणार ना बाबा, मग प्रोफेसर कमी खाणाराच बघायला हवा!"

काय सांगू, या एका वाक्यापायी महाडात मला तोंड दाखवायला जागा उरली नाही! बोलत होती शेजारच्या साळवी सरांची शिल्पा. मी मुद्दाम ऐकत नव्हते हो. खिडकीत बसून कोथिंबीर निवडत होते. तिथे उजेड चांगला येतो, त्याला मी काय करू?

सर म्हणाले, "आणि तापला तर?"

"तापणारा नकोच. मग डोक्यावर सारखा पंखा लागतो."

"कुणी वापरलेला, जुना मिळाला तर?"

"छे! जुने जास्त खातात."

तेवढ्यात माझ्या मेल्या कुकरने शिट्टी दिली आणि पुढचं बुडालं. पण कळायचं काय राहिलं होतं? सरांची एकुलती एक मुलगी. घरजावई शोधतायत! बिजवर नको. प्रोफेसर हवा!

आणि माझा भाचा प्रकाश पोलादपूरला कॉलेजात शिकवतो! पाच मुलींनी नाकारलेला. त्याची आई, म्हणजे माझी वहिनी, फोनवर नुसती रडायची. देवच पावला म्हणायचा!

अडचण एकच. प्रकाश जेवायला बसला की भाकऱ्यांची चळत संपते, आणि बोलायला लागला की कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकसारखा तापतो. मी फोन लावला.

"रविवारी ये. खायचं नाय, बोलायचं नाय, तापायचं तर नायच नाय!"

"मग करायचं काय आत्या?"

"थंड बसायचं!"

रविवारी त्याला साळवी सरांकडे नेला. बसला हो बिचारा. साळवीबाईंनी पोहे दिले, त्याने दोन शेंगदाणे उचलले. सरांनी विचारलं, "कॉलेज काय म्हणतंय?" हा म्हणाला, "हं."

मीच पुढे सरसावले. "पंखासुद्धा बंद करा सर, याला लागत नाही. चोवीस तास घरात ठेवा, आवाज म्हणून करणार नाही!"

शिल्पा बघतच राहिली. "कशाला ठेवायचं काकू?"

"अगं, तुलाच ना कमी खाणारा प्रोफेसर हवाय?"

पदर नव्हता म्हणून ती ओढणी तोंडात कोंबून हसली. "काकू, प्रोसेसर! प्रो-से-सर! कॉम्प्युटरचा मेंदू असतो तो. गच्चीवरच्या यंत्रातून पावसाची नोंद घ्यायला माझा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचाय. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर टिकायला नको? कमी खाणारा म्हणजे वीज हो, वीज!"

त्या पोह्यांच्या बशीखाली लपता आलं असतं, तर लपले असते. प्रकाशचा हात धरला आणि दाराकडे निघाले.

मागून सर म्हणाले, "पण वहिनी, स्थळ बघतोय हे खरंय हं. घरजावई वगैरे नको, पण तुमच्या भाच्याचं मीच विचारणार होतो. पोलादपूरला भाषण ऐकलं होतं यांचं. काय तावातावाने बोलत होते! शिल्पाला म्हटलं, मुलगा असा हवा."

माझ्या जिवात जीव आला. मी प्रकाशला कोपराने ढोसलं. बोल रे! पण दोन दिवस पढवलेला तो, घाम पुसत म्हणाला, "हं."

शिल्पाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, ते दुसरे कुणीतरी असतील. हे तर चालूच होत नाहीत."

घरी आल्यावर चालू झाला. नऊ भाकऱ्या खाल्ल्या, आणि माझ्यावर असा तापला, असा तापला, की शेवटी डोक्यावर पंखा मलाच लावून घ्यावा लागला!