करवतीने खाल्लेले सात सूत

दहावीच्या वर्गात सगळ्यात मागच्या बाकावर जी बाई बसायची, तिच्या कानावर पेन्सिल असायची. मुलींच्या पेन्सिली कंपासपेटीत, हिची कानावर. चपटी, जाडजूड, चाकूने टोक काढलेली. वय चव्वेचाळीस. बाक पंधरा वर्षांच्या पोरींच्या मापाचा, त्यामुळे गुडघे एका अंगाला काढून बसावं लागायचं. पहिल्या दिवशी तिने बसायच्या आधी बाक हलवून पाहिला, तो डुगडुगला, तेव्हा खाली वाकून पिशवीतल्या स्क्रूड्रायव्हरने त्याचा पाय आवळला आणि मगच वही उघडली. पुढच्या बाकावरची लांब वेणीची मुलगी मागे वळून म्हणाली, "काकू, आमचा पण."

महिनाभरात त्या वर्गातला एकही बाक डुगडुगत नव्हता.

तिला सगळे सूतकाकू म्हणायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि या बाईचं सगळं जग सुतात मोजलेलं. दार दोन सूत घासतंय, नवरा चार सूत सुटलाय, जाऊबाईंची कुंकवाची टिकली एक सूत डावीकडे गेलीय. सुतारकाम ती बापाकडून शिकली. शाळेत मात्र दहावीच्या गणितात तीनदा आपटली. तिसऱ्यांदा निकाल हातात घेऊन घरी आली तेव्हा बाप रंधा मारत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "किती?" ती म्हणाली, "अठरा." बाप म्हणाला, "बरं, त्या फळीचं दुसरं टोक धर." धरलं ते धरलंच.

पुढे ती सुतारकामाच्या प्रशिक्षण केंद्रात मदतनीस म्हणून लागली. कागदावर मदतनीस. प्रत्यक्षात अकरा वर्षं नव्या लोकांच्या हातात करवत द्यायची ती हीच, आणि कुणाचं बोट कुठं असायला नको हे ओरडून सांगायची तीही हीच. तिथले शिक्षक निवृत्त झाले तेव्हा जागा तिलाच मिळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण केंद्राचे साहेब कागद पुढे सरकवत म्हणाले, "काकू, माझ्या हातात असतं तर आत्ता सही केली असती. शिक्षकाला दहावी पास लागते. या वर्षी परीक्षा द्या. नाहीतर बाहेरून माणूस येईल आणि तुम्हाला हत्यारांच्या खोलीत बसावं लागेल."

हत्यारांच्या खोलीत बसायचं म्हणजे खिडकीतून हातोडी द्यायची, संध्याकाळी हातोडी परत घ्यायची. लाकडाला हात नाही. त्या दिवशी घरी येऊन तिने भाजी इतकी बारीक चिरली की नवरा म्हणाला, "काय झालं ते सांग, ती भाजी बिचारी सुटेल."

तिचा धाकटा दीर त्याच भागातल्या हायस्कुलात गणित शिकवायचा. हुशार माणूस, पण भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तर घरातले लोक दुसऱ्या खोलीत जायचे. तो म्हणाला, "वहिनी, सकाळी माझ्या वर्गात येऊन बसा. हेडबाईंशी मी बोलतो. फक्त वर्गात मला भावजी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"सर म्हणा."

"सवय व्हायला वेळ लागेल," ती म्हणाली. "नाक पुसलंय मी तुमचं."

अशी ती वर्गात आली. पहिल्याच आठवड्यात सरांनी अपूर्णांकांची उजळणी घेतली. बारा फुटी फळीचे आठ समान तुकडे केले, तर एका तुकड्याची लांबी किती? पोरींनी वहीत डोकं घातलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सतरा इंच सात सूत. वर सुताचा आठवा भाग, पण तो पॉलिश पेपरने घासताना जातो."

वर्ग खो खो हसला. सरांनी फळ्यावर दीड फूट, म्हणजे अठरा इंच लिहून दाखवलं. काकू शांतपणे म्हणाली, "सर, आठ तुकडे म्हणजे सात काप. एका कापाला करवत एक सूत लाकूड खाते. सात सूत भुशात गेले. उरलेल्याचे आठ."

सरांनी खडू घेतला. एकशे चव्वेचाळीस इंचातून सात अष्टमांश वजा, आठाने भाग. फळ्याचा एक कोपरा भरला. उत्तर आलं सतरा पूर्णांक सत्तावन्न चौसष्टांश. चौसष्टातले छप्पन्न म्हणजे सात सूत, उरला एक, म्हणजे सुताचा आठवा भाग. बाईने हे तोंडी केलं होतं, कागदाला हात न लावता. सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण परीक्षेत शून्य."

कधीकाळी अठरा गुणांवर आपटलेल्या या बाईचं तेव्हा काय झालं होतं, ते सरांना त्या सकाळी कळलं. तिला अपूर्णांक येत नव्हते असं नव्हतंच. तिचा अपूर्णांक पुस्तकातल्यापेक्षा एक पायरी पुढचा होता, आणि तिथं गुण द्यायला कुणी बसलेलं नव्हतं.

गुणोत्तराचा धडा तिने मात्र हातोहात उचलला. वेणीवाल्या मुलीला 'एकास चार' काही केल्या कळेना, तेव्हा काकूने कोपऱ्यातला झाडू भिंतीला टेकवला. "ही शिडी समज. डोकं चार हात वर, तर पाय भिंतीपासून एक हात. आठ वर, तर दोन. बारा वर, तर?"

"तीन."

"झालं. याच्यापेक्षा पाय बाहेर गेला तर शिडी सरकते, आत आला तर तू पाठीवर पडतेस. गुणोत्तर चुकलं की ढुंगण शेकतं, एवढं लक्षात ठेव."

काटकोन त्रिकोणाला ती आली ती जुन्या ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखी. बापाने शिकवलेलं होतंच. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच आलं की कोपरा खरा. आयुष्यभरात तिने शेकडो चौकटी अशाच तपासल्या. पण पाचच का, हे ना बापाने सांगितलं, ना तिने विचारलं.

रविवारी ती दिराच्या घरी आली ती प्लायवूडचे इंच-इंचाचे पंचवीस चौकोनी तुकडे पिशवीत घालूनच. "तुम्ही काल वर्ग-वर्ग करत होता ते यावर दाखवा," म्हणाली. त्याने जेवणाच्या टेबलावर त्रिकोण आखला. तीनच्या बाजूवर नऊ तुकडे मांडले, चारच्या बाजूवर सोळा. मग म्हणाला, "आता हे सगळे उचला आणि तिरक्या बाजूवर मांडा."

तिने मांडले. पाच ओळी, प्रत्येकीत पाच. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. तिने एकेका तुकड्यावर बोट ठेवत ते पुन्हा मोजले. जाऊबाईंनी आणलेला चहा तसाच निवला.

"बाबांनी हे कधी सांगितलं नाही," शेवटी ती म्हणाली.

"त्यांना माहीत नसेल, वहिनी."

"माहीत नव्हतंच. पण एकदाही कोपरा चुकला नाही त्यांचा." तिने ते पंचवीस तुकडे एकेक करून पिशवीत भरले. त्यातला एकही दिराच्या पोरांना खेळायला दिला नाही.

एवढं सगळं होऊनही सराव परीक्षेत तिला एकतीस मिळाले. पासाला पस्तीस. त्रिकोण सगळे बरोबर, गुणोत्तरं बरोबर. पण दोरी कापा, नळी कापा, कापड फाडा, जिथं जिथं काही कापायचं होतं तिथं बाईची करवत आडवी आली होती. दोरीला तिने गाठीचं माप सोडलं होतं. कापडाला शिवणीचं.

दीर पेपर घेऊन घरी आला आणि पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "वहिनी, चार गुणांसाठी अकरा वर्षांचं काम जाईल. करवत वर्गाबाहेर ठेवून येत जा ना."

"करवत बाहेर ठेवली तर फळी कापू कशाने? दातांनी?"

"कापायचीच नाहीये. बारा भागिले आठ."

"भावजी, तुम्ही बारा भागिले आठ करून एकदा फळी कापून दाखवा. मग मी तुमचं ऐकेन."

दिरालाही इरेला पेटायला एवढंच पुरे. त्याला पुस्तकांसाठी फडताळ हवंच होतं. पुढच्या सुट्टीत त्याने बारा फुटी फळी आणली. अठरा इंच मोजायचे, कापायचं, पुन्हा अठरा इंच मोजायचे. एक फळी कापायला अख्खी दुपार गेली, आणि अंगठ्याला पट्टी बांधावी लागली. संध्याकाळी तो वहिनीच्या दारात उभा राहिला. हातात आठवा तुकडा.

तिने तो घेतला, पट्टी न लावता नुसता हातावर तोलला. "सतरा इंच एक सूत."

"मोजलंय मी. तेवढाच आहे."

"सात सूत कमी. भुसा झाडलात का?"

"बायकोने झाडायला लावला."

दोघं पायरीवर बसली. तो म्हणाला, "तुमचं लाकूड खरं आहे, वहिनी. पण पेपर तपासणाऱ्याकडे लाकूड नसतं. त्याच्याकडे नुसता प्रश्न असतो. तुम्हाला हे कसं सांगू तेच मला कळत नाही."

ती तो तुकडा उलटसुलट करत होती. त्याच्या कडेवर दिराने पेन्सिलीने ओढलेली रेघ होती, वाकडी, दोनदा ओढलेली. त्या रेघेकडे पाहता पाहता ती हळूच म्हणाली, "म्हणजे कापायचं नाही. नुसती खूण करायची."

"म्हणजे?"

"फळी आखतो तेव्हा आपण आधी पेन्सिल मारतो ना. तेव्हा काही खाल्लं जात नाही. बारा फुटांवर सात खुणा केल्या की दीड-दीड फूट. भुसा नाही. परीक्षेत फक्त खुणा करायच्या. कापाकापी केंद्रात." तिने कानावरची पेन्सिल काढून पाहिली. "हे तुम्ही मला जूनमध्ये का नाही सांगितलं?"

"मला आत्ता कळलं," दीर म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी पेपरात नळीचा प्रश्न होता, साडेसात मीटर, पाच समान भाग. काकूने कच्च्या कामाच्या जागी एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर चार खुणा केल्या, आणि दीड मीटर लिहून पुढे गेली. हात जरासुद्धा अडला नाही.

अडला तो शेवटच्या पानावर. तेरा फुटी शिडी भिंतीला टेकवली आहे, तिचा पाय भिंतीपासून पाच फुटांवर आहे, तर शिडी किती उंचीवर टेकली? एकशे एकोणसत्तर वजा पंचवीस, एकशे चव्वेचाळीस. बारा फूट. उत्तराखाली तिने दोन रेघा मारल्या, पेन खाली ठेवलं. पण तिला ती शिडी दिसत होती, आणि शिडीवर कुणीतरी चढलेलं दिसत होतं. वेळ संपायला पाच मिनिटं होती. तिने पेन पुन्हा उचललं आणि खाली लिहिलं: 'उत्तर बारा फूट बरोबर आहे. पण पाय एवढा बाहेर ठेवला तर शिडी सरकेल. प्रमाण एकास चार, म्हणजे तीन फूट पुरे. शिडी लहान आणावी. नाहीतर खाली कुणी तरी धरून उभं राहावं.'

बाहेर आल्यावर दिराने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "खुणाच करायच्या ठरलं होतं ना?"

"खुणाच केल्या. पण माणूस पडताना दिसला तर गप्प बसू का?"

निकाल लागला. गणितात अठ्ठावन्न. शिडीचे गुण कापले की दिले, हे कळायला मार्ग नाही. दीर म्हणतो कापले, वेणीवाली म्हणते दिले. साहेबांनी कागदावर सही केली, आणि हत्यारांच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या कंबरेला गेली.

आज केंद्रात गेलात तर फळ्याच्या वर एक फळीचा तुकडा टांगलेला दिसेल. कड तिरकी, कापाला दोन-तीन ठिकाणी खाचा. इतक्या सफाईदार कामांच्या मध्ये हे काय, असं नवीन आलेलं कुणी ना कुणी विचारतंच. सूतकाकू आधी त्याच्या हातात पट्टी देते आणि तो मोजायला लावते. सतरा इंच एक सूत येतं. मग अठरातले सात सूत कुठं गेले, हे ती जमिनीवरच्या भुशाकडे बोट दाखवून सांगते.

"आणि हा कापला कुणी?"

"माझ्या दिराने," ती म्हणते. "त्यांना हसायचं नाही. त्यांनीच मला पास केलं."