बॉनेटआडून दिसणारा हात

मिस्त्रीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पाना हातातून निसटला की पान्याला शिवी, बोल्ट गंजलेला निघाला की बोल्टच्या सात पिढ्यांना शिवी, आणि गिऱ्हाईक "जरा लवकर करा हं" म्हणालं की तोच पाना गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून भिंतीवर. त्या उंचीचा सगळा गिलावा उडून गेला होता. तरी लोक यायचे, कारण इंजिनाचं दुखणं ओळखावं तर त्यानेच.

ही विद्या त्याला बापाने शिकवली, तीही बडवून. लोखंडी सळईचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि आवाज कुठून येतो ते सांगायचं. चुकलं की कानाखाली जाळ. थोरली बहीण, ताई, आत बसून ॲक्सिलरेटर दाबायची. बॉनेट उघडलं की आत बसलेल्याला समोर नुसता पत्रा दिसतो, म्हणून बापाने खुणा ठरवून दिल्या होत्या. बॉनेटच्या बाजूने हात बाहेर काढायचा. तळवा वर गेला की वाढव, खाली आला की कमी कर, मूठ वळली की बंद. पाय चुकला तर ताईच्याही कानाखाली. बाप गेला, गॅरेज राहिलं, आणि खुणाही राहिल्या.

अशा ह्या जमदग्नीची दाजींसमोर मात्र शेळी व्हायची. दाजी म्हणजे ताईचा नवरा. बाहेर टॅक्सी चालवायचे आणि घरात हात. मार खाऊन ताई दोनदा माहेरी आली आणि दोन्ही वेळा मिस्त्रीनेच तिची समजूत काढून तिला परत पाठवलं. "होतं गं असं. मी बोललोय त्यांच्याशी." बोलला कसला, कपाळ! दाजींना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिचा ओठ फाटला होता आणि एक डोळा सुजून मिटला होता. गॅरेजच्या मागच्या खोलीत ती काही दिवस नुसती पडून होती. मग एका दुपारी दाजींची टॅक्सी ठक ठक ठक करत दारात येऊन थांबली.

"आवाज येतोय, तेवढा बंद कर," दाजी म्हणाले. "आणि तुझ्या बहिणीला सांग, पिशवी भर म्हणावं. ह्याच गाडीतून घेऊन जातो."

मिस्त्रीने मान डोलावली. हो, डोलावली! ताई बाहेर आली ती पिशवी घेऊनच. तिने ती मागच्या सीटवर टाकली, आणि भावाने सळई उचललेली बघून सवयीने पुढे स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

मिस्त्रीने तळवा वर केला. ठोका वाढला, इंजिनाच्या वेगाबरोबर धावू लागला. त्याने प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. तिसरी काढली तसा ठोका मऊ पडला, परत लावली तसा पुन्हा घणासारखा. ऑइल मोजायची पट्टी उपसली तर ती कोरडी ठणठणीत.

"तिसऱ्या पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "इंजिन खोलावं लागेल, दाजी. असंच दामटलं तर रॉड तुटेल आणि ब्लॉक फोडून बाहेर येईल."

"खोलतोस कशाला? जाड ऑइल ओत, आवाज दबेल." दाजी हसले. "तुझ्या बहिणीचंही तसंच आहे. दोन ठेवून दिल्या की आवाज दबतो."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात बॉनेटच्या बाहेरच होता. आता मूठ वळायची, इंजिन बंद करायचं. जन्मात त्याने एकही इंजिन जाणूनबुजून मारलं नव्हतं. त्याने तळवा उघडला आणि वर नेला. मग आणखी वर, खांद्याच्याही वर.

काच खाली होती. रॉडचं बोलणं ताईने ऐकलं होतं, ऑइलचंही. पत्र्याआडून तिला फक्त तो हात दिसत होता. तिने पाय तळाला टेकेपर्यंत दाबला.

इंजिन किंचाळलं. ठोक्यांचा एकच खडखडाट झाला आणि धाडकन रॉड ब्लॉकच्या बाहेर आला. लोखंडाचा तुकडा मिस्त्रीच्या मांडीत घुसला आणि धुराने गॅरेज भरलं.

"ताई येणार नाही," तो धुरातून ओरडला.

दाजीने जॅकचा दांडा उचलला. (ह्या माणसाला आता अहोजाहो कशाला करायचं?) पहिला घाव मिस्त्रीच्या उजव्या कानावर बसला, ज्याच्यामागे तो सळई टेकवायचा त्याच कानावर. दुसऱ्या घावाला तो खाली कोसळला. तिसरा डोक्यात बसायचा, पण त्याआधी ताईने गाडीतून उतरून सळई उचलली आणि नवऱ्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं मिस्त्रीला डाव्या कानाने ऐकू आलं. दांडा गळून पडला, तरी ती थांबेना. पाठीत, खांद्यावर, पुन्हा पाठीत. "दबला का आवाज? सांग ना, दबला का?" तो गुडघ्यावर आला आणि तिने सळई त्याच्या डोक्यावर उगारली.

मिस्त्रीने जमिनीवरूनच हात वर केला आणि मूठ वळली.

ताईला ती दिसली. सळई हवेतच थांबली. दाजी मोडकं मनगट पोटाशी धरून जो पळाला तो पळालाच. पुढे मिस्त्रीने टॅक्सीला दुसरा ब्लॉक बसवला, बेअरिंगं नवी घातली, आणि दाजीने न्यायला पाठवलेल्या माणसाच्या हवाली केली. इंजिन कसं मुकाट चालत होतं. ताईची पिशवी त्याआधीच मागच्या सीटवरून काढून खोलीत ठेवली होती.

उजवा कान मात्र कायमचा गेला, आणि डाव्याला ती विद्या कधी जमलीच नाही. आता सळई ताई लावते आणि मिस्त्री आत बसून बॉनेटआडून दिसणाऱ्या तिच्या हाताकडे बघत राहतो. कधी त्याचा पाय उचलायला उशीर होतो. मग ताई पुढे येते, आणि अजूनही त्याची मान आपोआप खांद्यात जाते. ती नुसती खूण पुन्हा करून दाखवते आणि कामाला लागते.