गादीवरचे बूट

आमच्या शुक्रवार पेठेत आजही सांगतात, की विषाचा परवाना तपासायला आलेला सरकारी अंमलदार बुटांसकट आमच्या दुकानाच्या गादीवर चढला आणि त्याने माझ्या वृद्ध वडिलांचा हात पिरगळला. सांगणारे रस्त्यावर उभे होते. मी वडिलांशेजारी होतो. तेव्हा माझे ऐकावे.

आमचे दुकान काष्ठौषधींचे. चामडी टिकवण्यासाठी मोहोळचे चांभार सोमल, म्हणजे पांढऱ्या पुडीचे जहाल विष, नेत, म्हणून परवाना होता. विष निराळे, कुलपात ठेवावे, हा त्यातला नियम. वडिलांना तो अपमान वाटे. बरण्यांच्या जागा त्यांना पाठ होत्या आणि शंका आलीच, तर माल जिभेला लावून ओळखायचा, ही आमच्या धंद्याची जुनी रीत. मात्र त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि दिवाळीच्या रंगसफेदीत गड्यांनी बरण्या हलवल्या होत्या.

“काका, ही बरणी कसली?” अंमलदाराने पायरीवरूनच विचारले.

“पापडखार.”

“खात्री आहे?”

“साहेब, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून विकतोय. थांबा, चाखूनच सांगतो.”

वडिलांनी बोट बुडवले. तेवढ्यात बरणी किंचित फिरली आणि मागच्या बाजूची ‘विष’ ही चिठ्ठी अंमलदाराला दिसली. बोट ओठांशी पोचत होते. त्याने झेप घेतली आणि मनगट धरले.

“अवं, म्हाताऱ्याला मारलं की!” रस्त्यावरून कोणीतरी ओरडले.

मारले नाही, वाचवले! त्याने स्वतः तांब्या घेऊन वडिलांचा हात धुतला. मग कुलपाचे कपाट करवून घेतले आणि परवाना माझ्या नावावर करायला लावला. निघताना मात्र तो ओशाळला.

“काका, बुटांनी गादी मळवली. क्षमा करा.”

“ते काढत बसला असतात, साहेब,” वडील म्हणाले, “तर माझ्या तेराव्यालाच आला असतात.”

त्यानंतर वडिलांनी पुष्कळ दिवाळ्या पाहिल्या. मला त्यांचा सहवास लाभला, तो त्या परक्या माणसामुळे आणि ज्याला आम्ही जाच म्हणत होतो त्या नियमामुळे.

लक्ष्मीपूजनाला गादीवर नवी चादर अंथरतात. त्या वर्षी वडिलांनी जुनी, बुटांच्या ठशांची चादर काढू दिली नाही. पेठेने त्याला डूख म्हटले. वडील त्या ठशांशेजारी हळदकुंकू वाहत होते, हे मात्र कोणी सांगत नाही.